उघड्यावरचें कोरें लांकूड आणि आपला हिंवाळा

कोहमाऱ्याच्या चौकांतून नवेगांवबांधाकडे किंवा गोरेगांवावरून गोंदियाकडे दिवाळीनंतर जो कोणी जाईल, त्यास वाटेवरच्या बहुतेक गांवांत एक देखावा हटकून दिसेल. कवेलूंचें जुनें घर उतरविलेलें असतें, त्या जागीं विटा-सिमेंटाच्या घरकुलाच्या भिंती वर येत असतात, आणि अंगणाच्या एका कडेस जुन्या घरांतून निघालेले खांब, म्याली, चौकटी व दारें यांचा ढीग पडलेला असतो. हा माल बहुधा सागाचा असतो. क्वचित् ऐनाचा किंवा बिजाचा. त्यावर रंग नाहीं, रोगण नाहीं, तेलाचा हातही कधीं फिरलेला नाहीं. चुलीच्या धुरानें तो काळवंडलेला असतो, परंतु जरा तासून पाहिल्यास आंतून सोन्यासारखा निघतो. घरधन्यास कांहीं सुचवावें तर तो म्हणतो, "बापाच्या बापानें लावलेलें लांकूड आहे, गुरुजी, इतकीं वर्षें टिकलें, त्याला अंगणांत दोन वर्षांनीं काय होतें?"

त्याला पुष्कळ होतें. छपराखालीं दोन-तीन पिढ्या जसेंच्या तसें राहिलेलें लांकूड उघड्यावर पडलें म्हणजे थोड्याच वर्षांत फाटतें, पीळ खातें, करडें पडतें आणि खालच्या अंगानें वाळवीच्या स्वाधीन होतें. ज्या तुळईच्या दोन चौकटी निघाल्या असत्या ती शेवटीं चुलींत जाते. सागाचें झाड तोडण्यास व त्याचें लांकूड वाहून नेण्यास वनखात्याचा परवाना लागतो. नवेगांव व नागझिरा हीं आपल्या शेजारचीं रानें २०१३ सालापासून व्याघ्रप्रकल्पांत मोडतात. आणि बाजारांत सागाचा भाव विचारावयास जाणारा शेतकरी बहुधा विचारूनच परत येतो. म्हणजे अंगणांत पडलेला तो ढीग ही घरांतील एक ठेवच आहे, आणि ती कशानें नाहींशी होते व कशानें राखतां येते, हें विद्यार्थ्यांनीं समजून घेऊन घरीं सांगण्यासारखें आहे. ह्या लेखांत 'कोरें लांकूड' म्हणजे ज्यावर रंग, रोगण किंवा तेल यांपैकीं कांहींही लावलेलें नाहीं असें लांकूड, असा अर्थ आम्हीं घेतला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. थंडी स्वतः आपल्याकडील लांकडास मारीत नाहीं. ज्या देशांत बर्फ पडतें तेथें लांकडाच्या भेगांत शिरलेलें पाणी रात्रीं गोठतें, गोठतांना तें आकारमानानें सुमारें ९ टक्के फुगतें, आणि पाचर ठोकावी तशी ती भेग रुंदावत जाते. आपल्या जिल्ह्यांत डिसेंबर-जानेवारींत पहांटेचा पारा साधारणपणें १२-१३ अंशांपर्यंत उतरतो. थंडीची लाट आली म्हणजे १० अंशांच्याही खालीं जातो. पण शून्याशीं त्याची गांठ पडत नाहीं. तेव्हां बर्फाच्या भीतीनें लिहिलेले परदेशी पुस्तकांतील उपाय येथें जसेच्या तसे लागू करण्यांत अर्थ नाहीं. आपल्या हिंवाळ्यांत लांकडाचे वैरी दोन आहेत, आणि ते आळीपाळीनें येतात: रात्रीचें दंव आणि दुपारचें कोरडें ऊन.

ज्या रात्रीं आकाश निरभ्र असतें व वारा पडलेला असतो, त्या रात्रीं उघड्यावरची प्रत्येक वस्तु आपली उष्णता आकाशाकडे सोडीत असते आणि भोंवतालच्या हवेहूनही थंड होते. अशा थंड पृष्ठभागास टेकलेल्या हवेंतील वाफेचें पाणी होतें, तेंच दंव. पूर्वीं दंव आकाशांतून पावसासारखें उतरतें कीं जमिनींतून वर येतें, ह्यावर विद्वानांत वाद चाले. लंडन येथील विल्यम चार्ल्स वेल्स नांवाच्या डॉक्टरानें १८१४ सालीं दंवावर एक निबंध प्रसिद्ध करून खरी उपपत्ति पुढें मांडली. आपण अद्याप 'दंव पडतें' असेंच म्हणतों, तें म्हणावयास हरकत नाहीं. मात्र तें वरून पडत नाहीं, वस्तूच्या अंगावर जमतें, एवढें ध्यानांत ठेवावें. कारण त्यांतूनच पुढचा मुद्दा निघतो. लांकूड आणि आकाश यांच्यामध्यें कांहींही आडोसा आला, मग तो पत्र्याचा असो वा झाडाच्या दाट पानोळ्याचा असो, कीं लांकूड तितकें थंड होत नाहीं आणि त्यावर दंव फारसें जमत नाहीं. आंब्याखालीं उभी केलेली बंडी सकाळीं कोरडी आणि मोकळ्या अंगणांतली बंडी ओली, हें सर्वांनीं पाहिलेलें आहे. त्याचें कारण हें.

आतां दिवसाकडे वळूं. पहांटे १३ अंशांची हवा वाफेनें पूर्ण भरलेली आहे असें समजा. तीच हवा दुपारीं २७ अंशांपर्यंत तापली म्हणजे तिची वाफ धरण्याची शक्ति दुपटीहून अधिक होते. पण वाफ तर तेवढीच असते. गणित करून पाहिल्यास दुपारीं ती हवा ४० टक्क्यांहून थोडीच अधिक भरलेली निघते. अशी अर्धी रिकामी हवा भोंवतालच्या प्रत्येक ओल्या वस्तूंतून पाणी ओढून घेते. आपले ओंठ व टांचा ह्याच दिवसांत फुटतात. लांकडाचेंही तसेंच होतें. लांकूड हवेच्या ओलाव्याशीं सारखी बरोबरी साधूं पाहत असतें. हवा कायम ९० टक्के आर्द्र राहिली तर तें आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारें २० टक्के पाणी धरून ठेवतें, आणि ४० टक्के राहिली तर सुमारें ८ टक्केच. एका रात्रींत किंवा एका दुपारींत मोठ्या तुळईचा गाभा बदलत नाहीं. बदलते ती वरची पातळ पापुद्र्याएवढी जाडी. ती रात्रीं फुगते, दुपारीं आकसते, आणि आंतला गाभा मात्र जागच्या जागीं असतो. आकसूं पाहणारा वरचा थर न आकसणाऱ्या गाभ्यावर ताणला गेला म्हणजे शेवटीं तो फाटतो. कार्तिकापासून माघापर्यंत अशा नव्वद-शंभर येरझारा होतात. पहिल्या महिन्यांत केंसाएवढ्या दिसणाऱ्या रेघा होळीपर्यंत नख शिरण्याइतक्या होतात, आणि पावसाळा आला कीं त्याच भेगांतून पाणी थेट आंत उतरतें.

लांकूड सर्व बाजूंनीं सारखें आकसत नाहीं, ही गोष्ट सुताराला कामानें ठाऊक असते, पण पुष्कळ शिकलेल्या माणसांस ठाऊक नसते. लांकूड म्हणजे अतिशय बारीक नळ्यांची एक मोळी आहे असें समजावें; धानाच्या तणसाची पेंढी डोळ्यांपुढें आणली तरी चालेल. ह्या नळ्यांच्या पोकळींतलें पाणी निघून जाईपर्यंत लांकूड फक्त हलकें होतें, आकसत नाहीं. पाण्याचें प्रमाण सुमारें ३० टक्क्यांच्या खालीं गेलें म्हणजे नळ्यांच्या भिंतींतलें पाणी जाऊं लागतें, आणि मग आकसणें सुरू होतें. लांबींत हा फरक नगण्य असतो. परंतु बुंध्याच्या कापावर ज्या गोल कड्या दिसतात, त्या कड्यांच्या दिशेनें साग पूर्ण सुकेपर्यंत सुमारें ६ टक्के आकसतो, आणि गाभ्यापासून सालीकडच्या दिशेनें सुमारें अडीच टक्केच. ही विषमता हेंच लांकूड वांकण्याचें व पीळ खाण्याचें मूळ होय. सागाची २० सेंटिमीटर रुंदीची फळी २० टक्के ओलीवरून ८ टक्क्यांवर आली तर तिची रुंदी जवळजवळ अर्ध्या सेंटिमीटरनें कमी होऊं शकते. पावसाळ्यांत दार चौकटींत अडकतें आणि उन्हाळ्यांत त्याच दाराच्या फटींतून अंगण दिसतें, त्याचा हिशेब हा आहे. ज्या बंडीला अद्याप रबरी चाकें लागलेलीं नाहींत, तिच्या चाकाची लोखंडी धांव कोरड्या दिवसांत सैल होते व चाक पाण्यांत भिजवून ती पुन्हां घट्ट करतात, तेंही ह्याच कारणानें.

सागाच्या मानानें हा फरक थोडाच म्हटला पाहिजे. म्हणून तर सागाचा एवढा लौकिक. ऐन अधिक जड व अधिक हट्टी असतो. उन्हांत टाकलेला ऐनाचा ओंडका टोंकापासून उकलत जातो. कोणत्याही लांकडाचीं टोंकें हा त्याचा सर्वांत कच्चा भाग असतो, कारण त्या मोळींतल्या सगळ्या नळ्यांचीं तोंडें तेथें उघडीं पडतात. बाजूंपेक्षां टोंकांतून पाणी कितीतरी पटींनीं लौकर आंत जातें व बाहेर येतें. तुळईची मधली लांबी ठणठणीत असून दोन्हीं टोंकांकडील वीतभर भाग तारेसारखा फाटला आहे, असें जेव्हां दिसतें तेव्हां हें कारण समजावें.

ह्यावर ऊन आणखी एक काम करतें. सूर्यप्रकाशांतील डोळ्यांस न दिसणारे किरण लांकडाच्या तंतूंना जोडणारें लिग्निन नांवाचें द्रव्य फोडतात. दंव व पाऊस तें धुऊन नेतात. मागें उरतो तो करडा, लवदार थर. हा रंग पाहून पुष्कळ लोक घाबरतात. त्यांनीं घाबरूं नये. केवळ अशा झिजेनें मऊ लांकडाचीही जाडी शंभर वर्षांत सुमारें ६ मिलिमीटरच कमी होते. करडेपणा हा दिसण्यांतला दोष आहे. खरें नुकसान भेगांचें, कुजण्याचें आणि वाळवीचें. कुजणें म्हणजे बुरशीचें खाणें, आणि बुरशीला पाणी लागतें. लांकडाची ओल २० टक्क्यांच्या खालीं राखली तर तें कुजत नाहीं. ह्या एका आंकड्यावर लांकूड राखण्याची सगळी विद्या उभी आहे.

ह्याचें उत्तम प्रमाण पाहावयाचें असेल तर पुणें जिल्ह्यांतील कार्ले येथें जावें. तेथील डोंगरांत कोरलेल्या चैत्यगृहाच्या कमानदार छताला लांकडी फासळ्या आहेत, आणि स्तूपाच्या माथ्यावर लांकडी छत्र आहे. हें लांकूड सुमारें दोन हजार वर्षांचें आहे. तें इतकें टिकलें, कारण त्याच्या डोक्यावर अखंड खडकाचें छप्पर आहे. तेथें दंव नाहीं, ऊन नाहीं, जमिनीचा स्पर्श नाहीं. दुसरें प्रमाण दूरच्या नॉर्वे देशांतील. बोर्गुंड येथें सुमारें ११८० सालीं बांधलेलें संपूर्ण लांकडी चर्च आजही उभें आहे, आणि तें तर बर्फाच्या मुलखांत. तेथील कारागीर त्यापूर्वीं चर्चाचे खांब थेट जमिनींत पुरीत, आणि ते बुडाशीं कुजत. पुढें त्यांनीं दगडी पायावर आडव्या तुळया ठेवून त्यांवर खांब उभे करण्यास आरंभ केला, छपराच्या वळचणी पुढें काढल्या, आणि बाहेरून पाइन वृक्षाचें डांबर वेळोवेळीं लावीत राहिले. डांबराचें नांव सर्वजण घेतात, पण आमच्या मतें खरें श्रेय दगडी पाया व वळचण ह्यांसच दिलें पाहिजे.

आपल्या अंगणांतील ढिगासही हाच न्याय लावावा. जागा उंचवट्याची निवडावी. जेथें पावसाळ्यांत पाणी साचतें किंवा जेथें न्हाणीचें पाणी वाहतें ती नको. विटांचे किंवा दगडांचे दोन-तीन ओटे करून सर्वांत खालचें लांकूड जमिनीपासून निदान फूटभर उंच राहील असें करावें. त्यावर लांकडें एका थरांत, मध्यें बोटभर जागा सोडून मांडावीं. मग साधारण इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या दर दीड-दोन फुटांवर आडव्या टाकाव्या, व त्यांवर दुसरा थर मांडावा. प्रत्येक थरांतील पट्ट्या बरोबर खालच्या पट्ट्यांच्या व ओट्यांच्या रेषेंत आल्या पाहिजेत. नाहीं तर वरच्या वजनानें लांकूड त्या जागीं कायमचें वांकतें. सर्वांत वर जुने पत्रे एका बाजूस उतार देऊन ठेवावे, ते दोन्हीं टोंकांकडे हातभर पुढें येऊं द्यावे, आणि त्यांवर दगड ठेवावे. कडा मोकळ्या राहूं द्याव्या. पश्चिमेचें ऊन थेट टोंकांवर येत असेल तर त्या अंगास एखादा ताटवा उभा करावा, पण तो चिकटवून नव्हे.

कडा मोकळ्या सोडण्याविषयीं आम्ही आग्रहानें लिहितों, कारण हल्लीं सर्वत्र निळी प्लॅस्टिकची ताडपत्री मिळते आणि लोक मोठ्या प्रेमानें ढीग तिच्यांत गच्च गुंडाळून दोरीनें आंवळतात. लांकडांतून व जमिनींतून निघणारी वाफ मग बाहेर पडूं शकत नाहीं. रात्रीं ताडपत्री थंड झाली कीं तीच वाफ तिच्या आंतल्या बाजूस थेंब होऊन लांकडावर गळते. बाहेरचें दंव टाळलें आणि आंत दंव केलें, असा तो प्रकार होतो. ताडपत्रीच वापरावयाची असेल तर ती पत्र्याप्रमाणें फक्त वर, लांकडापासून वीतभर उंच, बांबूंवर ताणावी. धानाचें तणस लांकडावर पसरण्याची चालही बरी नव्हे. तणस ओल धरून ठेवतें, आणि वाळवीला तर तें मेजवानीचें आमंत्रणच होय.

वाळवीविषयीं एक सोपी गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्याकडील वाळवी जमिनींतून येते व उजेडांत उघडी चालत नाहीं. ती मातीच्या नळीसारखा आडोसा बांधीत वर चढते. लांकूड जमिनीवर टेकलेलें असेल तर तिची वाट खालून, आपल्या नजरेआड राहते. तें विटांच्या ओट्यांवर असेल तर तिला विटेवरूनच नळी बांधावी लागते, आणि ती आपल्याला दिसते. आठवड्यांतून एकदां मुलांनीं ओट्यांभोंवतीं फिरून अशा नळ्या शोधाव्या व मोडून टाकाव्या. सागाच्या गाभ्यांत वाळवीला न मानवणारीं द्रव्यें निसर्गतःच असतात. पण सालीलगतच्या पांढुरक्या भागांत तीं नसतात. यास्तव सागाला वाळवी लागत नाहीं हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. ज्या चौकटीच्या कडेस पांढरी पट्टी असेल तिची अधिक काळजी घ्यावी.

आतां तेलाकडे येऊं. धानाच्या उभ्या पिकांत ओलीवर लाखोळी व जवस पेरण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. त्याच जवसाचें तेल लांकडास लावण्यास योग्य होय. ह्याचें कारण असें कीं, जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें व लांकडाच्या तोंडाशीं लवचिक पापुद्रा धरतें. करंजाचें, मोहाचें किंवा एरंडाचें तेल असें वाळत नाहीं. तें चिकट राहतें, धूळ ओढतें. मात्र घाण्याचें कच्चें जवस-तेल वाळण्यास कित्येक दिवस घेतें, आणि ओलसर जागीं त्यावर काळी बुरशीही धरते. म्हणून रंगाच्या दुकानीं 'डबल बॉइल्ड' म्हणून जें तयार जवस-तेल मिळतें तें घ्यावें. तें घरीं चुलीवर उकळून करण्याच्या भरीस कोणीं पडूं नये. त्यांत आगीचें भय आहे. शिवाय दुकानांतल्या तेलांत तें लौकर वाळावें म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. तें खाण्याच्या तेलाजवळ ठेवूं नये.

तेल लावण्याच्या वेळेचा विचार फार थोडे लोक करतात. पावसाळा संपतांच लावलेलें तेल आंतली ओल कोंडून ठेवतें. पाऊस थांबल्यावर छपराखालीं निदान महिनाभर लांकूड सुकूं द्यावें, आणि मग मार्गशीर्षांतल्या एखाद्या स्वच्छ दिवशीं, सकाळचें दंव पूर्ण उडून गेल्यावर, काम आरंभावें. ब्रशानें पातळ हात द्यावा, पंधरा-वीस मिनिटांनीं न मुरलेलें तेल फडक्यानें पुसून घ्यावें, आणि त्या रात्रीं लांकडावर दंव बसणार नाहीं अशी तजवीज करावी. दोन-तीन दिवसांच्या अंतरानें असे दोन-तीन हात पुरेत. टोंकांना मात्र पितील तितकें तेल पाजावें. नव्या कापलेल्या ओंडक्याच्या टोंकांना तेलाऐवजीं वितळलेलें मेण लावावें. तेंही नसेल तर शेण-मातीचा जाड लेप द्यावा, कारण तेथें हेतु टोंक सावकाश सुकावें एवढाच असतो. तेल पुसलेलीं फडकीं गोळा करून कोपऱ्यांत टाकणें अत्यंत धोक्याचें आहे. जवसाचें तेल वाळतांना उष्णता सोडतें, आणि चुरगळलेल्या फडक्यांच्या ढिगांत ती उष्णता सांठून, कोणीं काडी न ओढतां, आग लागते. हीं फडकीं पाण्यांत बुडवून ठेवावीं किंवा मोकळ्या जागीं एकेक पसरून वाळूं द्यावीं.

तेलाऐवजीं चकाकणारें रोगण कां नको, असा प्रश्न येईल. बंद खोलींतील टेबलास रोगण शोभतें. उघड्यावरच्या लांकडाची येरझार त्या कडक पापुद्र्यास सोसत नाहीं; तो तडकतो, तड्यांतून पाणी शिरतें आणि पापुद्र्याखालीं अडकून पडतें. तेलाचा हात झिजतो, पण सोलून निघत नाहीं. पुढच्या हिंवाळ्यांत तसाच वर दुसरा देतां येतो.

ट्रॅक्टर-मोटारींतून काढलेलें जळकें तेल लांकडास फांसण्याची रीत आपल्या भागांत बरीच पसरली आहे. तें फुकट मिळतें व लांकूड काळेंभोर दिसतें, एवढेच त्याचे गुण. त्यांत इंजिनांतील विषारी द्रव्यें असतात, तीं पावसाबरोबर अंगणांत व विहिरींत उतरतात. आणि त्याच फाटकाला लहान मुलें लोंबकळतात. कुंपणाच्या खांबाचा बुंधा जाळून पुरण्याची रीत निरुपद्रवी आहे, पण तिचा उपयोग लोक समजतात तितका नाहीं. कोळशाच्या थरालाही भेगा पडतात आणि त्यांतून ओल आंतल्या न जळलेल्या लांकडापर्यंत पोंचते. खांब पुरावयाचाच असेल तर गाभ्याचा, पांढरा भाग तासून काढलेला घ्यावा, आणि बुडाशीं माती किंवा सिमेंट अशा रीतीनें चढवावें कीं पाणी खांबापासून बाहेरच्या बाजूस वाहील. सिमेंटाची वाटी करून त्यांत खांब उभा करणें म्हणजे त्याचे पाय कायमचे पाण्यांत ठेवणें होय.

विषारी औषधांचा विषय निघाला आहे तर एका भारतीय शास्त्रज्ञाचें नांव विद्यार्थ्यांस ठाऊक असलें पाहिजे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत काम करणारे सोंती कामेसन ह्यांनीं १९३३ सालीं तांबें, क्रोमियम व आर्सेनिक म्हणजे सोमल यांच्या क्षारांचें एक मिश्रण शोधून काढलें. कारखान्यांत मोठ्या दाबाखालीं तें लांकडांत भरलें म्हणजे बुरशी व वाळवी दोघींसही दूर ठेवतें. जगभर तारांचे व विजेचे असंख्य खांब त्यानें टिकले. पुढें सोमलाच्या भीतीनें अमेरिकेंत २००३ च्या अखेरीपासून घरगुती बांधकामाच्या लांकडांत त्याचा वापर बंद झाला. शोध मोठा, ह्यांत संशय नाहीं. पण तो घरीं करण्याचा उद्योग नव्हे. जुना हिरवट खांब कोठून मिळाला तर तो चुलींत मात्र कधीं घालूं नये, कारण सोमल धुरांत व राखेंत उतरतो.

बांबूचें शास्त्र थोडें निराळें आहे. त्याच्या अंगांत पिष्ट फार, आणि त्या पिष्टासाठींच भुंगे त्याला भोंकें पाडतात. खालीं पडणारा पिवळसर भुगा ही त्यांची खूण. पाऊस संपल्यावर, हिंवाळ्यांत, पक्का बांबू तोडावा आणि दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यांत बुडवून ठेवून मग सावलींत उभा सुकवावा, म्हणजे पिष्ट बरेंच कमी होतें. अमावास्येच्या आसपासच तोडावा असें वृद्ध लोक सांगतात. त्यांतील ऋतूची गोष्ट पक्की आहे, तिथीबद्दल आम्ही ग्वाही देऊं इच्छीत नाहीं.

विद्यार्थ्यांस घरीं करण्याजोगे दोन प्रयोग येथें देतों. कापसाचे समान वजनाचे दोन पुंजके घ्यावे. निरभ्र रात्रीं मोकळ्या अंगणांत चार विटांवर एक फळी आडवी ठेवून एक पुंजका फळीच्या वर व दुसरा तिच्या खालच्या बाजूस दोऱ्यानें बांधावा, आणि पहांटे दोन्हीं तोलून पाहावे. वेल्सनें लोंकरीचे पुंजके घेऊन असेच प्रयोग केले होते. वरचा किती जड भरतो हें एकदां तराजूवर पाहिलें म्हणजे पत्र्याचें महत्त्व वडिलांस सांगण्यास दुसऱ्या पुराव्याची गरज पडणार नाहीं. दुसरा प्रयोग लांकडाची ओल मोजण्याचा. ढिगांतल्या लांकडाच्या मधल्या भागाची पातळ चकती कापून लगेच तोलावी. मग ती शाळेच्या प्रयोगशाळेंतील भट्टींत शंभर अंशांहून किंचित् अधिक उष्णतेवर ठेवून वजन उतरण्याचें थांबेपर्यंत सुकवावी. प्रथम १३० ग्रॅम व शेवटीं १०० ग्रॅम भरली तर ओल ३० टक्के समजावी, आणि तें लांकूड तेलास अद्याप तयार नाहीं असें ठरवावें. चकती कापणें नको असेल तर एखादा लहान तुकडा ढिगांतच ठेवून दर रविवारीं तोलावा. लागोपाठ तीन आठवडे वजन तेंच राहिलें म्हणजे लांकूड हवेशीं बरोबरीस आलें.

ज्यांचा ढीग ह्यापूर्वींच दोन-तीन हिंवाळे उघड्यावर पडून आहे, त्यांनीं तो टाकून देण्याची घाई करूं नये. टोंकदार टोच्यानें जागोजाग दाबून पाहावें. टोचा टणक आवाज करून परतला तर आंतलें लांकूड चांगलें आहे. मऊ लागून आंत गेला तर तेवढा भाग कापून काढावा. फाटलेलीं टोंकें वीत-दीड वीत छाटलीं कीं उरलेली लांबी चौकटीच्या उभ्या बाजूंस, खिडकीस किंवा पाटास पुरते. लांबट भेगा असतील तर त्या ऐन फाल्गुन-चैत्रांत, सर्वांत रुंद झालेल्या असतांना, कडक लांबीनें भरूं नयेत. पावसाळ्यांत लांकूड फुगून भेग मिटूं लागते, मध्यें लांबी आडवी येते, आणि दाब बाजूच्या चांगल्या लांकडावर पडून तेथें नवी चीर निघते. अश्विन-कार्तिकांत, लांकूड अर्धवट सुकलेलें असतांना, त्याच जातीच्या लांकडाची पातळ चीप तासून भेगेच्या एकाच बाजूस सरसानें चिकटवावी व दुसरी बाजू मोकळी ठेवावी.